इसालेची गाठ

न्देशीच्या बागेत ऊन शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. वर मोठी झाडं, त्यांच्याखाली केळी, केळींच्या आडोशाला कॉफी, आणि सगळ्यांच्या तळाशी, जिथे भर दुपारीसुद्धा ओलसर काळोख असतो, तिथे तिची इसाले. हातभर लांब, रुंद, चकचकीत पानांची ही झुडपं आमच्या डोंगरउतारावर घरोघरी आहेत. दोन घरांमधली हद्द म्हणजे इसालेचं कुंपण. माणूस पुरला की उशाशी इसाले. आणि कुणाचं काही वाकडं केलं असेल, तोंडाने माफी मागायला जीभ रेटत नसेल, तर इसालेच्या पानाला गाठ मारून ते त्याच्या हातात द्यायचं. गाठीचं पान हातात घेतलं म्हणजे माफ केलं, पुढे कुरकुर नाही. जो घेत नाही त्याच्या शेजारी बसून लोक म्बेगेसुद्धा पीत नाहीत. केळ्याची ही दारू या उतारावर मीच गाळते, त्यामुळे कोण कुणाशेजारी बसतं हे मला चांगलं ठाऊक असतं.

न्देशी बुटकी, काटक आणि तोंडाने फटकळ. कुणाला नवं कुंपण घालायचं असलं की कांड्या न्यायला तिच्याकडेच यावं लागे, कारण तिची लागण मरत नसे. पण कांडीबरोबर बोलणीही खावी लागत. "कापलेलं तोंड आधी सावलीत सुकू दे. ओलं खुपसलंस तर कुजेल. पाणी बेताचं. आणि ऊन दाखवलंस तर मला तोंड दाखवू नकोस." खालच्या आळीतल्या एका शहाण्याने सगळ्या कांड्या उलट्या लावल्या आणि उगवत नाहीत म्हणून तक्रार घेऊन आला. तिने त्याला विचारलं, "तुला डोक्यावर उभं केलं तर पाय फुटतील का रे?" तो पुन्हा आला नाही, त्याची बायको मात्र गुपचूप येऊन कांड्या घेऊन गेली.

तिचा नवरा कुंदाएली अगदी उलट, मऊ माणूस. त्यांना मुलगा नाही, एकच मुलगी, ती लग्न होऊन अरुशाला. कुंपणापलीकडे त्याचा धाकटा भाऊ सिफाएली. त्याचं एकच टुमणं होतं: "मुलगी तर गेली परक्या घरी. तुझ्या मागे ही बाग माझ्या पोराच्या नावाने कर, दादा." कुंदाएली 'नाही' म्हणत नसे. भावाला त्याने उभ्या जन्मात कधी 'नाही' म्हटलं नव्हतं. तो म्हणे, "बघू." न्देशी चुलीपाशी बसून हे 'बघू' ऐकायची आणि लाकूड जरा जोरात आत सारायची.

मग कुंदाएलीच्या छातीत पाणी झालं आणि तो गेला. सिफाएली तेव्हा खाली सपाटीवर मक्याच्या कापणीला गेला होता. तो धापा टाकत वर आला तोवर खड्डा खणून झाला होता. कुंदाएलीला बागेतच, कुंपणाच्या कडेला पुरलं. तिथे कुंपण सरळ न जाता सिफाएलीच्या बाजूला पोट काढून वळत होतं, त्या बाकात, थंड सावलीत. न्देशीने उशाशी इसाले लावली आणि तिथेच शेजारची जागा हाताने दाखवून मला म्हणाली, "ही माझी."

त्या दिवसापासून सिफाएलीचं डोकं फिरलं ते फिरलंच. त्याच्या बाजूला एक जुनं म्रिंगारिंगाचं झाड होतं. त्याचीच सावली त्या बाकावर पडायची. सुनेच्या खोलीला दारं-खिडक्या हव्यात असं कारण काढून त्याने ते पाडायला घेतलं. न्देशी कुंपणाशी येऊन उभी राहिली.

"सिफाएली, माझ्या कुंपणावर ऊन येईल."

"झाड माझं, वहिनी. ऊन देवाचं. भांडायचं तर त्याच्याशी भांड."

झाड पडलं आणि उन्हाने कुंपणाला धरलं. आधी पानं फिकट झाली, मग टोकं जळाली, मग कांडं मऊ पडून वाकली. न्देशीने केळीची पानं बांधून त्यांच्यावर मांडव घातला, सोपटं कापून मुळाशी टाकली. केळीची नवी पिल्लंही लावली, पण केळीला सावली द्यायला वेळ लागतो आणि इसालेला मरायला लागत नाही. दोन्ही टोकांची झुडपं राहिली, बाकातली सगळी गेली. मग एका सकाळी सिफाएलीने मेलेले खुंट उपटून जागा झाडून काढली. "साफसफाई," म्हणाला.

तेव्हा त्याचा डाव आम्हाला कळला. खुंट गेल्यावर तो सगळ्यांना सांगत सुटला की बाबांनी कुंपण सरळ लावलं होतं, हा बाक दादा गेल्यावर वहिनीने चोरून काढला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ मारली की कुंदाएलीची कबर सिफाएलीच्या हद्दीत जात होती. मग तिथे न्देशीला पुरायला कोण देणार? तो बाक मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून बघत होते, माझी चूल बरोबर वरच्या अंगाला आहे. मी चारचौघांत तसं म्हटलंही. सिफाएली म्हणाला, "म्बेगेवालीला दुपारनंतर सगळंच वाकडं दिसतं." लोक हसले. साक्ष तिथेच संपली.

लावलेली इसाले कुणी उपटत नाही, मेलेली उपटली तरी लोक दबकून बघतात. म्हणूनच भांडणाच्या हद्दीवर ती एकट्याने लावायचीही नाही. कांडीवर दोन्ही घरांचा हात लागतो, आणि घराण्यातले वडीलधारे समोर लागतात. न्देशीने गोठ्यामागच्या सावलीत जुन्या डब्यांना बुडाशी भोकं पाडून रोपं तयार केली. त्यांना धरून ती वाट बघत बसली. वडीलधारे म्हणजे मेकू फिलेमोनी, म्हातारा, गुडघ्यांनी अधू, आणि भांडणात पडायला त्याहून नाखूष. आज येतो, पावसानंतर येतो. डब्यांतली रोपं मुळांनी डबा फोडायला आली तेव्हा कुठे निरोप आला: येत्या रविवारी, चर्च सुटल्यावर.

त्याच आठवड्यात सिफाएलीची सून बाळंत झाली, त्याला पहिला नातू झाला.

आमच्याकडे भांडण कुंपणाशी थांबतं, बाळंतिणीच्या भांड्यापर्यंत जात नाही. न्देशीने म्तोरी शिजवली, मटणाच्या रश्शात केळी घोटून केलेली, बाळंतिणीला देतात तशी. सकाळपासून ती रोपांची खालची पानं काढत होती, काढलेली पानं तिच्या कमरेच्या कापडात खोचलेली होती. मडक्यावर केळीचं पान घालून तिने सोपटाची दोरी आवळली, तर ओलं सोपट तटकन तुटलं. हात कमरेकडे गेला, हाताला आलेलं पान तिने मडक्याच्या गळ्याभोवती फिरवून गाठ मारली आणि निघाली. दारात सिफाएलीच उभा होता. मडकं त्याने घेतलं. गाठीकडे बराच वेळ बघितलं.

"ये वहिनी," तो म्हणाला. "बस."

इतक्या वर्षांत तो तिला 'बस' म्हणाला नव्हता. ती परत येताना माझ्या अंगणात थांबली, तिचा चेहरा उजळला होता. "नातवाने विरघळवलं गं त्याला," म्हणाली. मलाही बरं वाटलं.

शनिवारी संध्याकाळी सिफाएली माझ्याकडे म्बेगे प्यायला आला. एरवी कोपऱ्यात बसणारा, आज मधोमध बसला. भोपळ्याचं भांडं हातोहात फिरत होतं. त्याच्यापाशी आलं तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "उद्या मेकूला फार बोलावं लागणार नाही. वहिनीने मला इसालेचं पान दिलं. माझ्या हातात, माझ्या दारात, माझ्या बायकोसमोर."



"कशाबद्दल?" कुणीतरी विचारलं.

"आता इसाले कशाबद्दल देतात? केल्या पापाबद्दल. कुंपण वाकवलं, मन खात होतं, आली. मी घेतलं, मोठ्या मनाने घेतलं. माफ केलं. पण कबूल केलेली हद्द तर सरळ व्हायला हवी ना?" त्याने खिशातून ते पान काढलं. गाठ तशीच होती, कडा वाळून वळल्या होत्या.

मी गाळणं तिथेच टाकलं आणि केळींतून पळत न्देशीकडे गेले. ती गाईला पाला टाकत होती. मी सांगितलं तसा तिच्या हातातला पाला खाली पडला. ती आधी स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"सोपट तुटलं होतं," ती म्हणाली. "अगं, नुसतं सोपट तुटलं होतं."

"मग उद्या तेच सांग. शपथ घेऊन सांग. दोरी म्हणून बांधलं म्हणावं."

"दोरी?" ती माझ्यावर खेकसली. "इसालेला मी दोरी म्हणू? इतकी वर्षं या लोकांना मी काय देत आले? अर्ध्या उताराची भांडणं माझ्या बागेतल्या पानांनी मिटली. आता उभी राहून सांगू की ते मडकं बांधायचं पान आहे?"

"जीव गेला तरी तत्त्व सोडू नकोस तू."

"तत्त्वाचं नाही बोलत मी. डोकं चालव जरा. पान नुसतं पान असेल तर कुंपणही नुसतं झुडूप झालं. मग मी कशाच्या जोरावर भांडतेय? बाकात इसाले होती, इसाले म्हणजे हद्द, एवढंच तर माझं म्हणणं आहे. उद्या मीच म्हटलं की पानाला काही अर्थ नाही, तर तो हसत हसत सरळ रेघ मारेल."

दोरी म्हटलं तरी जागा जाणार आणि गप्प राहिलं तरी जाणार. रोज हाताळून हाताळून त्या बाईच्या हाताला पानाचं वजनच कळेनासं झालं होतं. आम्हा इतरांपैकी कुणी इसालेची गाठ चुकूनही मारली नसती. मला तिची कीव आली आणि रागही आला.

"मग काय करणार?"

"गाठ मारली आहे," ती म्हणाली. "आता ती कशाची हे मलाच ठरवावं लागेल." मग तिने मला घरी पिटाळलं.

रविवारी चर्चमधून लोक थेट तिथेच आले, चांगले कपडे घालून, बायका छत्र्या घेऊन. मेकू फिलेमोनीसाठी खुर्ची आणली. एका बाजूला न्देशीचे डबे, दुसऱ्या बाजूला सिफाएली आणि त्याचा मुलगा, मध्ये ती उजाड, उन्हाने तडकलेली जागा, आणि थोडं आत कुंदाएली. सिफाएलीने वेळ घालवला नाही. पान काढून मेकूच्या मांडीवर ठेवलं.

"हीच माझी साक्ष. दुसरी नको."

मेकूने पान उलटंपालटं केलं. "न्देशी, गाठ तुझी?"

तिने 'नाही' म्हणावं असं मला अजूनही वाटत होतं.

"माझी."

लोकांत कुजबुज झाली. सिफाएलीने मुलाच्या पाठीवर थाप मारली.

"कुणाच्या हातात दिलीस?"

"सिफाएलीच्या."

"कशाबद्दल?"

"हद्दीबद्दल, आणखी कशाबद्दल," सिफाएली म्हणाला.

"तू गप. तिला विचारलंय." मेकूचा आवाज चढला की तो दुखरे गुडघे विसरतो. "न्देशी, रिकामी गाठ नसते. काय केलंस?"

तिने कुंदाएलीच्या कबरीकडे बघितलं. मी मनात म्हटलं, आता ही कुंपण वाकवलं म्हणणार, खोटंच कबूल करणार आणि सगळं गमावणार. मग ती मेकूकडे पाठ करून सिफाएलीकडे वळली.

"तुझ्या भावाने तुला बोलावलं होतं," ती म्हणाली.

सिफाएलीला कळलं नाही. "कधी?"

"जायच्या आधी. शुद्धीवर होता. सिफाएलीला बोलाव म्हणाला. मी हो म्हटलं. पुन्हा म्हणाला, आला का? मी म्हटलं, निरोप गेलाय, वाटेत असेल. निरोप गेला नव्हता. मी कुणाला पाठवलंच नव्हतं."

ती पुढे बोलत राहिली.

"सपाटीवर माणूस पाठवला असता तर तू पोचला असतास. मला माहीत होतं. पण तू आला असतास तर बाग मागितली असतीस, आणि मरता मरता तो हो म्हणाला असता. तुला तो कधी नाही म्हणाला नव्हता. म्हणून मी दार धरून बसले. तो दाराकडे बघत गेला." तिचा आवाज आता फाटला होता. "इसाले त्याबद्दल आहे. कुंपण मी हलवलं नाही. तुझ्या बाबांनीच ते वाकडं लावलं. पण हे मी केलं."

काही लोक अजून म्हणतात की तिने ते ऐनवेळी रचलं. त्यांनी तिचा चेहरा पाहिला नव्हता, मी पाहिला. रचलेलं बोलताना माणूस समोरच्याकडे बघून अंदाज घेतो. ती घेत नव्हती.

सिफाएलीचं तोंड राखेसारखं झालं. मला वाटलं तो तिच्या अंगावर जाईल. त्याच्या मुलाने त्याचा दंड धरला.

"हे माहीत असतं," तो म्हणाला, "तर मी हात लावला नसता त्या पानाला."

"पण लावलास," मेकू म्हणाला. "घेताना विचारलं होतंस, कशाबद्दल म्हणून?"

"नाही."

"काल म्बेगे पिताना सगळ्यांसमोर माफ केलं म्हणालास?"

सिफाएलीने मान खाली घातली. मेकूने पान त्याच्याकडे परत दिलं. "तुझी एकच साक्ष होती. ती हद्दीबद्दल बोलत नाहीये. हद्दीबद्दल तुझ्याकडे आणखी काही असेल तर सांग."

त्याच्याकडे काही नव्हतं. तो त्या गाठीकडे बघत उभा राहिला. मग तिच्याकडे न बघताच त्याने विचारलं, "आणखी काय म्हणाला?"

"काही नाही. नुसतं तुझं नाव. लहानपणचं. सिफा."

सिफाएली रडला. चारचौघांत, चर्चच्या कोटात, बाहीने नाक पुसत रडला. त्या माणसाबद्दल माझं मत काही फार चांगलं नाही, पण तेव्हा मलाही बघवेना.

रोपं बाकातच लागली. मेकूने सांगितलं तसा प्रत्येक कांडीवर दोघांचा हात लागला. ती खालून धरत होती, तो वरून, आणि एकमेकांच्या बोटांना बोट लागू नये म्हणून दोघंही जपत होती. तो एक शब्द बोलला नाही. आजही बोलत नाही. माफ करणं पानाने बांधलेलं होतं, बोलणं नव्हतं.

न्देशीची जागा राहिली. नवऱ्याच्या शेजारची, स्वतःच्या हद्दीत, आता कुणी हलवू शकत नाही. केळी वाढल्या, त्यांच्या सावलीत रोपांनी जीव धरला. तिला हवं होतं ते सगळं मिळालं, असं परवा मी तिला म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं.

कारण रोज संध्याकाळी सिफाएली कुंपणाला वळसा घालून तिच्या अंगणातून आत येतो. विचारत नाही, हाक मारत नाही. कबरीपाशी दगडावर बसतो आणि भावाशी बोलतो. मक्याचं, नातवाचं, कसलंही. त्याला कुणी अडवू शकत नाही, ती तर नाहीच. माझ्या चुलीपाशी त्याचा आवाज पुसट ऐकू येतो. तो बोलत असतो तोवर न्देशी बाहेर येत नाही. आत बसून राहते, दार लावत नाही, आणि तो उठून गेला की मग नवऱ्याकडे जाते.